तपासणीच्या दिवशीचं पाणी

घाटंजी, मार्च १९६४

चि. देवराव,
सप्रेम जय भीम.

तू मुंबईच्या फर्ममध्ये भागीदार झालास, नैरोबी-लंडनच्या कंपन्यांचे हिशेब तपासू लागलास, तेव्हा मी भर सभेत अभिमानानं तुझं नाव घेतलं होतं. परवा तू आपल्याच गावातल्या विलायती कंपनीच्या कापसाच्या जिनात तपासणीला आलास. आपली आई तिथं कापूस निवडते. तिथल्या माठाला हात लावता यावा म्हणून आम्ही बौद्ध बायांनी वर्षभर भांडण केलं. त्याच माठातलं पाणी तिनं गोऱ्या साहेबांदेखत तुझ्यापुढं धरलं. तू "नको" म्हणालास आणि कागदांत मान घातलीस.

मुकादम मागून हसला, "पाहा बे, इचं पोट्टंच पेत नाही इच्या हातचं!"

संध्याकाळी घरी तू सांगितलंस, ज्याचे हिशेब तपासायचे त्याच्याकडचं पाणीही घ्यायचं नाही. हा नियम तू परदेशातही पाळतोस. मग आईच्या हातून तांब्याभर प्यालास. ते आमच्याशिवाय कुणी पाहिलं नाही.

'जिनात येऊन सर्वांदेखत पाणी पी,' असं लिहायला बसले होते. आई म्हणाली, "नोको धाडू वं प्रभा. बलावल्यावर पेला, तं काय पेला?" तिचं खरं आहे. हे पत्र टपालात पडणार नाही.

उद्या जिनाच्या फाटकावर माझी सभा आहे. तुझा नियम चोख आहे, हे मी मुकादमाला ठणकावून सांगेन. पण "ही माझी आई आहे" एवढं म्हणायला कोणत्या नियमाची आडकाठी होती, असं कुणी विचारलं, तर तुझ्या वतीनं मी बोलणार नाही.

आईच्या शेजारी उभी,
प्रभावती