सिंदखेडचे आठ फोटो

५ जानेवारी १९३८, बुलढाणा
मुंबईहून व्ही.पी.ने कॅमेरा आला. काळी चौकोनी पेटी. आमच्या कचेरीत हेडक्लार्कांकडेही नाही. संकल्प: वऱ्हाडातील यच्चयावत स्मारकांचे फोटो काढून नागपूरच्या म्युझियमला अल्बम भेट देणे. आरंभ सिंदखेडराजाला, लखुजी जाधवरावांच्या समाधीपासून. सोबतची पुस्तिका इंग्रजीत आहे. चाळली. विशेष काही नाही.

७ जानेवारी
आईचा मोतीबिंदू वाढतो आहे. कॅमेरा हाताने चाचपून म्हणाली, "भालू, दिसते तोवर माहा एक फोटू काढून दे. कशी दिसतो, मले तं पाहू दे." समजावले, की फिल्मवर आठच फोटो निघतात आणि आठही इतिहासासाठी राखून ठेवले आहेत. पुढच्या फिल्मवर पहिला नंबर तिचा. तिने कॅमेरा माझ्या हातात परत दिला. पटले असावे.

९ जानेवारी
सौ. पद्मजाने पुस्तिका वाचायला मागितली. हिचे इंग्रजी तिसरीपर्यंतचे. दिली. तेवढाच विरंगुळा.

११ जानेवारी
पद्मजा म्हणते, प्रत्येक फोटोनंतर बाजूची किल्ली फिरवायची असते. शांतपणे सांगितले, की किल्ली शेवटी फिल्म बाहेर काढण्यासाठी असते, मध्येच हात लावला तर सगळे बिघडते. बायकांना यंत्र दिसले की काहीतरी फिरवावेसे वाटते.

१६ जानेवारी, रविवार. सिंदखेडराजा
सर्व्हिस मोटारीने सहकुटुंब आलो. आई, पद्मजा, कन्या कोकिळा. मोटार चिखलीला दीड तास थांबली. कारण कळले नाही.

समाधीचे सात फोटो घेतले. पूर्वेकडून, पश्चिमेकडून, दाराचे, कोरीवकामाचे. एकात म्हैस आली, पण ओझरती. कोकिळेला जाधवरावांचा इतिहास पाऊण तास सांगितला. तिने विचारले, दशम्या कधी सोडायच्या. दहा वर्षांच्या मुलीला इतिहासाची गोडी नाही, हा तिच्या आईच्या वळणाचा दोष.

आई पायरीवर बसली होती. कॅमेरा पद्मजाकडे धरायला देऊन मी आईच्या मागे उभा राहून, हात वर करून तिला कोरीवकाम समजावू लागलो. खट् आवाज झाला. पद्मजाने किल्ली फिरवून आईचा फोटो काढला होता! वर म्हणाली, "काढला एक. त्यांना दिसतं आहे तोवर." इतिहास आठव्या फोटोला मुकला. देऊळगावपर्यंत पद्मजाशी बोललो नाही. तिच्या लक्षात आले नाही.

१७ जानेवारी
फिल्म अकोल्याच्या स्टुडिओकडे रवाना. म्युझियमला पत्राचा मसुदा तयार: 'अल्बमासाठी दर्शनी जागा राखून ठेवावी.'

२४ जानेवारी
पाकीट नाही. आई रोज विचारते. तिला वाटते फोटो तिचाच येणार आहे.

२९ जानेवारी
पाकीट आले. आत दोनच फोटो. स्टुडिओवाल्याची चिठ्ठी: 'किल्ली न फिरवल्याने सात फोटो एकावर एक पडले आहेत. दुसरा उत्तम.'

पहिल्यात समाधीवर समाधी, तिच्यावर दार, दारावर समाधी. आभाळात म्हैस. म्हैस स्पष्ट आहे. पद्मजाला म्हटले, अकोल्याच्या पाण्याने फिल्म धुतली की असे होते. ती बरं म्हणाली. काही बोलली असती तर बरे झाले असते.

३० जानेवारी, रविवार
सकाळी आईने दुसरा फोटो उन्हात नेला. डोळ्यांपासून चार बोटांवर धरून बराच वेळ पाहिला. फोटोत ती हसते आहे. ती तेव्हा हसत होती, हे मला माहीत नव्हते.

मग पद्मजाला विचारले, "हा मांगं हात वर करून कोन उभा हाय वो?" पद्मजाने सांगितले, तुमचे चिरंजीव. आई म्हणाली, "त्याले जरा बाजूले सरकता नाही आलं काय."

दुपारी शेजारच्या गोजरबाई फोटो पाहून गेल्या. घटकाभराने सासूला नवे लुगडे नेसवून घेऊन आल्या. पद्मजाने नवी फिल्म भरली. मला म्हणाली, ऊन येतं आहे, त्यांच्या मागे चादर धरून उभे राहा, आणि हात दिसू देऊ नका.

धरली.