फाट्यावरच्या दोन पाट्या

५ सप्टेंबर १८८१, सोमवार

सकाळच्या गाडीने चौदा दुकानदार उतरले. नऊ आपल्या घाऊक पेढीवर आणले. समोरच्या पेढीच्या माणसाने दोघांच्या नुसत्या बॅगा उचलल्या आणि चालू लागला — दुकानदार मुकाट बॅगांच्या मागे गेले. हे मला आधी सुचायला हवं होतं.

आयझम बॅटल स्टेशनवर होताच. त्याचे खेचरांचे दोन खटारे आपला सगळा माल वाहतात, आणि इतरांच्या पेट्यांवरचे पत्तेही तो वाचून ठेवतो. म्हणाला, "कॅप्टन, आज समोरच्यांकडे साबण फार उतरला." मी कधी कुठल्या सैन्यात कॅप्टन नव्हतो. पण अटलांटात स्वतःच्या नावाची पाटी लागली की माणूस कॅप्टन होतो. मीही नाही म्हणत नाही.

८ सप्टेंबर

रेडबर्ड कॉफी जोरात आहे. भाजून, पुड्यांत भरून, पुड्यावर तांबडा पक्षी. आणि पेढीचा नियम — एका गावात ती एकाच दुकानाला द्यायची. सोबत पत्र्याची पाटी फुकट: ‘या गावात फक्त आमच्याकडे.’

हा नियम मी खेचरगाडी हाकत फेरी करायचो तेव्हा शिकलो. दुकानदाराला माल स्वस्त मिळाला तर तो मान डोलावतो. पण समोरच्याला मिळणार नाही म्हटलं की खुर्ची पुढे ओढतो.

१३ सप्टेंबर

मिस्टर टॉलचं पत्र. एकच ओळ. ‘हार्गिस, इथे दुसरी पाटी लागली आहे.’

खाली सही. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

टॉलिव्हर गँट. बेथेलचे. लढाई संपल्यावर दुसऱ्या वर्षी मी पहिल्यांदा त्यांच्या अंगणात गाडी उभी केली. एक खेचर, तेही एका डोळ्याने आंधळं. सगळीकडून मला हाकलत होते. त्यांनी सुया, पत्र्याचे पेले, दोन मुसळं, एवढं मिठाच्या एका गोणीच्या बदल्यात घेतलं आणि म्हणाले, पुढच्या महिन्यात ये. पेढी तिथे सुरू झाली म्हटलं तरी चालेल. आज त्या मुलखातली अठरा दुकानं मिस्टर टॉल कुठून घेतात ते बघून घेतात. ते गेले तर अठरा जातील. आणि अठरा गेली तरी एक वेळ चालेल, पण ते गेले हे मला चालायचं नाही.

१४ सप्टेंबर

फिरतीवरची दोन्ही माणसं बोलावली. टेट जुन्या लाइनवर फिरतो, कूम्ब्स नव्या. दोघांनी शपथा घेतल्या. दोघांच्याही खऱ्या निघाल्या.

टेटने बेथेल स्टेशनवर उतरून गँटना रेडबर्ड दिली. कूम्ब्सने मिल क्रीक स्टेशनवर उतरून एनॉस प्रुइटला दिली. नकाशावर ही दोन गावं. जमिनीवर मात्र एक! नवी लाइन गेल्या वर्षी आली, जुनीला त्याच गावात छेदून गेली, अर्ध्या मैलावर तिने आपलं वेगळं स्टेशन बांधलं आणि ओढ्याचं नाव दिलं. मी कूम्ब्सला विचारलं, तुला गँटचं दुकान दिसलं नाही? म्हणाला, "साहेब, मी गाडीतून उतरतो, विकतो, परतीच्या गाडीत बसतो. चालायचा मला पगार कुठे आहे?"

बरोबरच आहे. मुलूख गावाप्रमाणे न वाटता लाइनीप्रमाणे कोणी वाटला? जानेवारीत, निळ्या आणि तांबड्या पेन्सिलीने, मी. फार अभिमानाने वाटला होता.

१७ सप्टेंबर, शनिवार

जाऊन आलो.

गाडी फाट्याजवळ हळू होते. डाव्या खिडकीतून एक पाटी — या गावात फक्त आमच्याकडे. उजव्या खिडकीतून दुसरी — या गावात फक्त आमच्याकडे. डब्यातले दोन प्रवासी हसत होते. मी टोपी थोडी खाली ओढली.

मिस्टर टॉल ओसरीवर खुर्ची भिंतीला टेकवून बसले होते. उठले नाहीत. मी सगळं सांगितलं — दोन लाइनी, दोन स्टेशनं, पेन्सिली. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, "हार्गिस, मी तुझा नकाशा घेतला नव्हता रे. शब्द घेतला होता."

मी ओसरीच्या पायरीवर बसलो.

पुढे म्हणाले, महिनाअखेरपर्यंत ती पाटी उतरव, नाहीतर ही ने. ऑगस्टाच्या पेढीचा माणूस येऊन बसतो रोज.

मग अर्धा मैल उन्हात प्रुइटकडे. गोल चेहरा, तोंडभर हसू, हातात लगेच ताक. पाटी मात्र उतरवणार नाही. का? तर गँटने सांगितलं म्हणून. गँटने न सांगता मी सांगितलं असतं तर? "तर विचार केला असता, कॅप्टन. पण आता तुम्ही त्याच्या ओसरीवरून आलात. माझ्या मागच्या खिडकीतून दिसते ती ओसरी."

हे दोघे मेहुणे आहेत. मिस्टर टॉलची धाकटी बहीण परमेलिया ही प्रुइटची बायको. सात वर्षांपूर्वी बॅप्टिस्ट चर्चमध्ये ऑर्गन घ्यायचा की नाही यावरून वाजलं. प्रुइट म्हणाला घ्यायचा. गँट म्हणाले, देवाला नुसता गळा पुरतो. तेव्हापासून बोलणं बंद. आता गावात बॅप्टिस्ट चर्चं दोन आहेत. एकात ऑर्गन, दुसऱ्यात मिस्टर टॉल.

निघताना मिस परमेलिया — लग्न झालं तरी इथे सगळे मिसच म्हणतात — फाटकापर्यंत आल्या. "तुम्ही पाट्या काढून काय होणार आहे?" म्हणाल्या. "दोघांना एकमेकांचं तोंड बघायला लावा. उरलेलं ते स्वतः निस्तरतील. आमच्या घरात सगळे हट्टी, पण मूर्ख कोणी नाही."

२० सप्टेंबर

राष्ट्राध्यक्ष वारले. सगळ्या दुकानांना काळं कापड लागलं. दुपारपर्यंत गावातलं काळं कापड संपलं. आपण कापड ठेवत नाही. ठेवायला हवं.

२४ सप्टेंबर

मिस परमेलियांचं बोलणं डोक्यातून जात नाही.

२६ सप्टेंबर

मार्ग सापडला. पुढच्या महिन्यात कापसाचं प्रदर्शन उघडतंय. अख्खा दक्षिण मुलूख अटलांटात येणार. घाऊक पेढ्यांनी आपापल्या गिऱ्हाइकांना बोलवायचं, फिरवायचं, कालवं खाऊ घालायची ही रीतच आहे. दोघांनाही आमंत्रण धाडलं. वेगवेगळ्या पाकिटांत. एकाच्या पत्रात दुसऱ्याचं नाव नाही. मिस्टर टॉलना शेवटी लिहिलं — पाटीचा निकाल समोरासमोर लावीन, तोवर थांबा. कोणाच्या समोर ते लिहिलं नाही.

२९ सप्टेंबर

दोघेही येतायत.

हॉटेलात गेलो. कारकून म्हणाला, प्रदर्शनामुळे लोक बिलियर्डच्या टेबलावर झोपवायची पाळी येणार, पण तुमच्यासाठी दोन खोल्या काढतो. मी म्हटलं, एकच काढ. म्हणाला, एका खोलीत पलंगही एकच आहे. म्हटलं, उत्तम.

६ ऑक्टोबर

मिस्टर टॉल जुन्या लाइनने आले, प्रुइट नव्या लाइनने. तासाभराच्या अंतराने. मी दोन्ही गाड्यांना हजर. आयझमने दोघांच्या बॅगा एकाच खटाऱ्यात ठेवल्या, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "कॅप्टन, एवढा धीट माणूस मी लढाईतसुद्धा पाहिला नाही."

खोलीच्या दारात दोघे समोरासमोर आले. मी गर्दीबद्दल फार दिलगिरी व्यक्त केली. गावात दुसरी खोली शपथेवर नाही म्हटलं — तोवर खरोखरच उरली नव्हती. मिस्टर टॉलनी पलंगाकडे बघितलं. मग मेहुण्याकडे. मग माझ्याकडे, बराच वेळ. प्रुइटचं हसू पहिल्यांदाच गेलेलं पाहिलं. मी दार ओढून घेतलं आणि जिना जरा लवकरच उतरलो.

७ ऑक्टोबर

सकाळी भीत भीत न्याहारीला गेलो. दोघे एकाच टेबलाशी! बोलत नव्हते. पण प्रुइटने काकवीचं भांडं सरकवलं आणि मिस्टर टॉलनी ते घेतलं. मी विचारलं, झोप लागली का? मिस्टर टॉल म्हणाले, "हा अजून घोरतो. माझ्या बहिणीचं मला वाईट वाटतं." हे ते माझ्याशी बोलले, पण त्याला ऐकू जाईल असं. प्रुइट माझ्याकडे बघून म्हणाला, त्यांना सांगा, पांघरूण सगळं त्यांनीच घेतलं होतं.

सात वर्षांनी पांघरुणावरून सुरुवात झाली. मला चालेल.

८ ऑक्टोबर

दिवसभर प्रदर्शन. यंत्रं बघून मिस्टर टॉलच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही. प्रुइट प्रत्येक यंत्राला हात लावत होता आणि त्याने दोनदा ओरडा खाल्ला. संध्याकाळी कालवं, डुकराची तंगडी, रताळ्याची गोड पाई. मी रंगात आलो होतो. प्रुइटने विचारलं, कॅप्टन, हे गाव असं वाढलं कसं हो? नदी नाही, बंदर नाही.

मला कोणी हे विचारलं की मी थांबत नाही. सांगितलं — रेल्वेचा अख्खा डबा भरून माल आणला की पेटीमागे भाडं कमी, चारच पेट्या आणल्या की फार जास्त. आम्ही डबाभर आणतो, तुम्ही चार पेट्या आमच्याकडून नेता, मधला फरक आमचा. बरं, डबाभर तर कोणीही आणील. पण एकच लाइन असेल तर रेल्वेवाला भाडं सांगतो आणि आपण टोपी काढतो. दोन लाइनी असल्या की एकाच्या दारात उभं राहून दुसऱ्याचं नाव घ्यायचं. मग टोपी तो काढतो. असंच आम्ही ऑगस्टाचा व्यापार उचलला. ऑगस्टावाले आजही विचार करतायत.

मिस्टर टॉल काट्याने कालव उचलत होते. ते तसंच धरून विचारलं, "किती लाइनी लागतात म्हणालास?"

म्हटलं, पाच असल्या तर राजा. पण दोनही पुरतात.

त्यांनी कालव खाल्लं. प्रुइटने त्यांच्याकडे बघितलं. दोघांनी ताटं साफ केली. तणाव पार गेलेला. मला फार समाधान वाटलं.

९ ऑक्टोबर

मिस्टर टॉल म्हणाले, पाट्यांचं आम्ही आपसात बघतो. तू आता त्यात पडू नकोस.

मी म्हटलं, पण आपलं गिऱ्हाईकपण? त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. पंधरा वर्षांत पहिल्यांदा. म्हणाले, "तुझ्यावर राग नाही, हार्गिस. बरंच शिकवलंस."

दोघे एकाच गाडीने गेले. प्रुइटच्या हातात नव्या लाइनचं परतीचं तिकीट होतं, ते वाया घालवून तो मेहुण्याच्या डब्यात बसला. जीव भांड्यात पडला. घरी येऊन बायकोला, चार्लटला, सगळं सांगितलं. ती शिवत होती. म्हणाली, भांडण मिटवणारा व्यापारी मी पहिल्यांदाच पाहते. मी म्हटलं, भांडण मिटवण्यातच व्यापार आहे. तिने दोरा तोडला आणि सुईत नवा ओवला.

३१ ऑक्टोबर

मिस परमेलियांचं पत्र. ‘आता दर रविवारी दुपारी जेवण एकत्र. कागदपेन्सिली घेऊन बसतात. जेवण गार होतं. तुमचे उपकार विसरणार नाही.’

पत्र टेबलाच्या खणात वर ठेवलं.

१४ नोव्हेंबर

टेट सांगतो, दोन्ही पाट्या उतरल्या आहेत. दोन्ही! शेवटी शहाणपण आलं.

बेथेलची मागणी या खेपेला थोडी. डुकरं मारायचे दिवस आहेत, वेळ नसेल.

२८ नोव्हेंबर

बेथेलची मागणी नाही. मिल क्रीकचीही नाही. कूम्ब्सने प्रुइटला विचारलं तर म्हणे ताक दिलं.

१७ डिसेंबर

टेट त्या मुलखातून आला. अठरांपैकी अकरा जण म्हणाले, माल भरपूर आहे. मी विचारलं, कुठून आला? म्हणाला, विचारलं नाही, साहेब. रस्ते चिखलाचे आहेत, कोण कुणाला विचारत बसतो.

रस्ते फारच वाईट आहेत यंदा.

२ जानेवारी १८८२

निळी-तांबडी पेन्सिल घेऊन मुलूख नव्याने वाटला. या वेळी गावाप्रमाणे. बेथेल एकदाच लिहिलं. टेटला दिलं.

१२ जानेवारी

दुपारी यार्डात गेलो होतो. बाल्टिमोरहून आलेली मालगाडी इंजिन बदलायला थांबली होती. एक पुरा डबा, दारावर मोहर, भाजलेल्या कॉफीचा वास बाहेर येत होता. दारावर खडूने लिहिलेलं: गँट आणि प्रुइट, घाऊक व्यापारी, बेथेल. आपल्या फलाटावर त्यातलं काही उतरायचं नव्हतं.

आयझमने डोळे बारीक करून वाचलं. म्हणाला, "हे कोण नवे, कॅप्टन?"

म्हटलं, सात वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. मी बोलायला लावलं.