हिरव्या शाईतली शाब्बासकी

३ जानेवारी १९९१, अंबरनाथ पश्चिम

माणूस चांगला आहे हे किती दिवसांत ओळखता येतं? आज तरी एका दिवसातच ओळखलं असं वाटतंय.

साक्षरता वर्गाची नोकरी लागली म्हणून इथे आले, तर घरमालकांनीच वर्गासाठी पुढची खोली फुकट दिली! गुरुदत्तकाका केमिकल कंपनीत साहेब होते. आता निवृत्त, एकटे. पत्नी माई दोन वर्षांपूर्वी गेल्या. उगाच नंतर कुरबुर नको म्हणून मी आधीच सांगितलं, आम्ही बौद्ध. ते म्हणाले, मग आमच्याकडचा चहा चालेल ना तुला? आमच्या घरातली पहिली पदवीधर मी. हे वाक्य बाबांना पत्रात लिहिलंय. ते शेजाऱ्याकडून वाचून घेतील.

साखरेतल्या मुंग्या काका पोस्टकार्डावर घेऊन खिडकीबाहेर सोडतात. शेवटची मुंगी उतरेपर्यंत शांतपणे थांबतात.

११ जानेवारी

वर्गात अकरा बायका झाल्या. माझा नियम एकच. रोज संध्याकाळी घरी एक ओळ लिहायची, आज काय घडलं ती. दुसऱ्या दिवशी दुपारी वर्गात मी तपासणार.

आज रखमाबाईंनी पहिली सही केली. म्हणाल्या, बाई, माझा अंगठा आजपासून रिटायर! गयाबाई लगेच म्हणाल्या, अंगठ्याचं राहू दे, जीभ कधी रिटायर होणार तुझी? काका पेन्सिलींना टोक करता करता डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. चांगल्या ओळीखाली ते हिरव्या शाईने ‘शाब्बास’ लिहितात. कंपनीत साहेबांची सही हिरवी असायची, ती सवय. बायकांना माझ्या लाल खुणेपेक्षा ते हिरवं ‘शाब्बास’ प्यारं.

जी थकलेली दिसेल तिच्या घरी काका संध्याकाळी थर्मासमधून गवती चहा नेऊन देतात. कोण करतं एवढं?

१८ जानेवारी

गयाबाई काल रात्री झोपेत गेल्या. डॉक्टर म्हणाले, हार्ट. पांढरी फुलं आणि मेणबत्त्या घेऊन काका सगळ्यांच्या आधी हजर होते. म्हणाले, थकली होती गं, सुटली. खरंच रडले.

सुनेने वही परत दिली, सरकारी सामान म्हणून. शेवटची ओळ कालची: ‘साहेब आले. चहा दिला. कडू लागला.’ खाली हिरवं ‘शाब्बास’. मला भरून आलं.

२९ जानेवारी

वर्गातल्या वेणूबाई काल रात्री गेल्या. पालेगावात एकट्या राहायच्या. त्यांची वही काकांनीच आणून दिली, खाकी कव्हर घालून. म्हणाले, पानं दुमडली होती, बरं नाही दिसत.

शेवटची ओळ कालच्या तारखेची: ‘चहा कडू. साहेब म्हणाले औषध आहे.’ खाली ‘शाब्बास’.

गयाबाईंची वही काढून शेजारी ठेवली. दोघींनी ती ओळ संध्याकाळी लिहिली. सकाळ दोघींनीही पाहिली नाही. वर्गात वही आलीच नाही. मग हिरवी शाई कधी —

त्यांनी लिहिताना पाहिलं. वाचलं. शाब्बास दिली. आणि बसून राहिले.

३० जानेवारी

आमचे पर्यवेक्षक मधूसर, त्यांना वह्या दाखवल्या. हसले. म्हणाले, अगं, गुरुदत्तसाहेब? ते मुंगी मारत नाहीत. चार दिवस घरी जाऊन ये.

परत आले तर काका पिंजऱ्यातला उंदीर सोडायला निघाले होते. सोबत भाकरीचा तुकडा. त्याला नव्या जागी उपाशी राहायला नको म्हणून.

३१ जानेवारी

काका म्हणाले, रखमा थकलेली दिसते. माईसुद्धा अशीच दिसायची. उद्या तिच्याकडे चहा नेतो.

झोप नाही.

१ फेब्रुवारी

वर्ग सुटल्यावर रखमाबाईंना मागच्या दारी गाठून सगळं सांगितलं. आधी म्हणाल्या, मी थकलेली दिसते होय त्या मेल्याला? मग माझा हात धरला. सोडेनात.

त्यांचा भाऊ शंकर उल्हासनगरला पोलिसात आहे. दोन्ही वह्या पिशवीत, मेथीच्या जुडीखाली घालून त्या त्याच्याकडे निघाल्या. पण गुडघा दुखतो, चाल हळू. आणि इकडे काका थर्मास धुऊन स्कूटरची किल्ली शोधत होते. वाटेतच गाठलं असतं त्यांनी.

म्हणून मी म्हटलं, काका, आज चहा मला द्या. मी थकलेय.

किती आनंद झाला त्यांना.

पावणेपाच

स्टोव्हचा आवाज. गवती चहाचा वास.

पाच

कप समोर. मी घोट घेतलेला नाही. ते समोरच्या खुर्चीत. घाई नाही. मुंगी उतरेपर्यंत थांबतात ना, तसे —

विचारतात, काय लिहितेस? म्हटलं, आजची ओळ. ते हिरव्या पेनाचं टोपण काढून बसलेत.

साडेपाच

चहा निवला. ते म्हणाले, गरम करून देतो.

रखमाबाई आता पोहोचल्या असतील. असतीलच.

सांगून टाकलं मी. वह्या पोलिसांकडे गेल्या, काका. दोन्ही.

रागावले नाहीत. टोपण लावलं. हळूच म्हणाले, बाळ, किती थकलीस गं. उठले. दाराला कडी —