ग्रामसभेत कायम हजर

मी, विनोद व्यंकटी गजभारे, वय सत्तावीस, शिक्षण चौथी, राहणार मौजे सावळवाडी, जिल्हा नांदेड, हल्ली मुक्काम मोरबी, राजीखुशीने लिहून ठेवतो. प्यालेलो नाही, कोणाची जबरदस्ती नाही. डोकं ठिकाणावर आहे. फुफ्फुसात मात्र दगडाची भुकटी भरली आहे. डॉक्टरने दोन-तीन महिने सांगितलेत.

१. मोबाईल बहीण धम्मप्रिया हिला, शिकायला. रग आणि बूट खोलीतला जोडीदार बालाजी याला. बूट तो आत्ताच घालून फिरतो.

२. घर माझ्या नावावर नाही. मायची, सुमनबाईची, पत्र्याची एक खोली आहे. घरकुलाच्या यादीत तिचं नाव लागलं होतं, ते ग्रामसभेनं कापलं. ठरावात ‘पक्के घर आहे’ असं लिहिलं. सूचक म्हणून माझं नाव, खाली माझी सही. मायचा फोन आला, “बाळा, तूच कापलास का रे माझं घर?”

३. मी कुठं टिकलो नाही हे कबूल. नांदेडला हमाली, हैदराबादला बोअरची गाडी, पुण्याला सेंट्रिंग, मग इथं फरशीच्या कारखान्यात. पण गावच्या ग्रामसभेला सात वर्षांत माझी एक गैरहजेरी नाही! माणसं भरत नाहीत म्हणून ग्रामसेवक भाऊसाहेब बाहेरगावच्या पोरांच्या सह्या स्वतःच ठोकतात. आणि सरपंच किशनरावांना ज्याचं नाव कापायचं, सूचक त्याच्याच घरातला धरतात. मी फोन लावला.

“भाऊसाहेब, मी तर गुजरातेत हाय.”

“रजिस्टरात तू हजर हायस. नव्हतास तर पुरावा आण.”

“कारखान्यात हजेरीच लिहीत न्हाईत.”

“मंग? आमच्याकडं लिहितेत.”

४. म्हणून माझी इस्टेट एकच, माझ्या मृत्यूचा दाखला. तो मायला. माझी माती इथंच करावी. गावात कळू देऊ नये. दाखला बालाजी पोचता करील. मी गेल्यावर पहिली ग्रामसभा होईल, तिलाही मी हजर असणारच. सही पडली की धम्मप्रियानं रजिस्टरची नक्कल मागावी, दाखला जोडावा आणि जिल्हा परिषदेत द्यावा. आता तरी मी गावात नव्हतो हे मानावं लागेल. मायचं नाव परत लागेपर्यंत तिनं मागं हटू नये.

माय, सही पडेपर्यंत दारात रडू नको. कोणी विचारलं तर सांग, विनोद कामावर हाय.

साक्षीदार: शंकरप्पा (सही), सोमेश (अंगठा)
लिहून देणार: विनोद व्यंकटी गजभारे (ही सही माझ्या हातची)
मोरबी, ४ जून २०२५