धक्क्याच्या भिंतीखालचा बास

१९ मे
सापडली एकदाची हेडलीची वही! गळांच्या डब्याखाली, प्लास्टिकच्या पिशवीत. एकतीस वर्षांच्या नोंदी — तारीख, भरती, वारा, जागा, वजन. मला वाढदिवसाच्या कार्डावर लिहायला याला दोन ओळी सुचत नसत!

इस्पितळात हेडली म्हणाला होता, "विनी, सगळ्यात मोठा बास मासा जिथे लागला ना, तिथे सोड मला." कुठे ते विचारलं, तर डोळे मिटून — "वहीत आहे." दोन दिवसांनी गेला. मार्चपासून त्याची राख कपाटात आहे, चहाच्या डब्याशेजारी. रोज सकाळी तिला "सरक जरा" म्हणते. बेचाळीस वर्षांची सवय.

सगळ्यात मोठा: ९ सप्टेंबर, अकरा पौंड. जागा — धक्क्याची भिंत. पुढे एकच शब्द — सोडला.

अकरा पौंडाचा मासा, आणि मला सांगितलासुद्धा नाही.

२० मे
९ सप्टेंबर म्हणजे क्रेग गेला ती तारीख. रात्रभर तेच डोक्यात.

एकोणीस वर्षं झाली. आमचा मुलगा, सतरा वर्षांचा होता. कड्याखालच्या काळ्या घळीत बास धरायला एकटा गेला. घळीत उतरायची वाट फक्त ओहोटीला मोकळी असते. मासा लागत असेल, भान राहिलं नसेल, मागून भरतीने वाट बुडवली. सापडला नाहीच. चर्चच्या आवारात त्याच्या नावाचा दगड आहे. खाली काही नाही.

तेव्हा मी हेडलीला शपथ घातली — त्या घळीत पुन्हा पाय ठेवलास तर मी या घरात दिसणार नाही. "नाही ठेवणार," म्हणाला. मासे धरणं सोड असं मी म्हटलं नाही. तेवढी दुष्ट नव्हते.

पंधरवड्यातून एकदा "दगडापाशी जाऊन येतो" म्हणून निघायचा. थंडीतसुद्धा. मी एवढ्या वेळा कधी गेले नाही. मला लाज वाटायची.

२३ मे
शेजारच्या विल्फला ते पान दाखवलं. हेडलीबरोबर शाळेपासून मासे धरलेला माणूस. पोट धरून हसला. "धक्क्यावर अकरा पौंडाचा? तिथे फाटका बूट लागला तरी नशीब समजावं!"

म्हणजे?

म्हणे, बासवाला वहीत जागा खरी लिहितच नाही. वही हरवली, चोरली, बायकोने शेजारणीला दाखवली — मग? "माझ्या वहीत सगळे मासे मेव्हणीच्या न्हाणीघरात लागलेत. पण भरती आणि वारा खराच लिहायचा. तेही खोटं लिहिलं तर वहीचा उपयोग काय?"

मग खरी जागा कुठली? विल्फने टोपी काढली, पुन्हा घातली. "माणसाला पगार विचारावा, विनी, जागा विचारू नये."

मीही हसले. घरी येऊन खूप रडले. आता नेऊ कुठे याला?

२ जून
ठरलं. बास धरायला शिकायचं. जिथे मोठा लागू शकतो अशी प्रत्येक जागा बघायची. विल्फ म्हणाला, "अगं, अडुसष्ट वर्षांची तू!" म्हटलं, तू एकाहत्तरचा आहेस आणि तुझे गुडघे माझ्याहून वाईट आहेत.

शेडमध्ये हेडलीच्या दोन काठ्या. एक लांब, एक आखूड. एकटा माणूस दोन काठ्या नेतो म्हणून मी त्याला लोभी म्हणायचे. आखूड काठीला दोरा नवाकोरा, वजनाचं शिसंही होतं, गळ मात्र नव्हता. मी एक बांधला. विल्फने बघितला, खिशातून चाकू काढून कापून टाकला. "ती राहू दे." एवढंच. चेहरा असा, की पुढे विचारवलं नाही.

१० जून
वाळूच्या पुळणीवर. काही नाही.

१६ जून
पुन्हा पुळण. विल्फ ओरडतो — "लांब कशाला फेकतेस? मासा तुझ्या पायाशी आहे!" बास म्हणे गुडघाभर पाण्यात येतो. वाऱ्याने समुद्र ढवळला की लाटा वाळूतले किडे, खेकडे उकरून काढतात, तेव्हा हा पांढऱ्या फेसात शिरून खातो. पाण्यात धाडधाड उतरायचं नाही, तो पळतो. समुद्र सपाट आणि ऊन छान असलं तर घरी बसून चहा प्यायचा.

कात टाकायला आलेला खेकडा सोलून गळाला लावला. पहिल्या वेळी डोळे मिटून लावला. आता उघडे ठेवते.

२९ जून
लागला!! नदीच्या मुखाशी, भरती चढताना. दोन पौंडांचा. काठी एकदम वाकली, मी किंचाळले, विल्फ पाण्यात बसला. चांदीसारखा मासा, पाठीवर काट्यांचा पंखा. अंगठा फाडला त्याने माझा.

हेडलीला सांगायला घरी धावत आले. दार उघडलं आणि मग आठवलं.

४ जुलै
भांडी घासताना खिडकीतून धक्का बघत होते. ओहोटी. भिंतीखाली कोरडा चिखल, त्यात बदकं. तशीच ओल्या हातांनी वही काढली.

मोठ्या माशाची भरती — उधाणाची, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेची, जेव्हा पाणी सगळ्यात खाली उतरतं; पूर्ण ओहोटी, पाणी वळल्यावर पहिला तास. त्या वेळी भिंतीखाली पाणीच नसतं!

मग धक्क्याच्या सगळ्या नोंदी काढल्या. चारशेच्या वर. सगळ्या उधाणाच्या. सगळ्या ओहोटीच्या. पंधरवड्यातून एक. जानेवारीतसुद्धा — धक्क्याची भिंत, काही नाही. फेब्रुवारी — काही नाही. थंडीत आमच्या उत्तरेला बास नसतो, हे आता मलाही कळतं. आणि उन्हाळ्यात जे लागले त्या प्रत्येकापुढे — सोडला. त्या जागेचा एकही मासा घरी आणला नाही.

पहिली नोंद क्रेग गेल्यानंतर पाच आठवड्यांची.

५ जुलै
काळी घळ.

६ जुलै
शब्द दिला होतास मला! एकोणीस वर्षं माझ्यासमोर बसून जेवलास! तूही तिथे राहिला असतास तर? त्या खडकांवर दोघांना शोधत फिरले असते मी. आता म्हणतोस तिथे सोड? नाही सोडणार. बस कपाटात.

३ ऑगस्ट
अमावास्येचं उधाण. हेडलीला शिव्या द्यायच्याच होत्या, तर तिथे जाऊन द्याव्यात म्हणून निघाले. कड्यावर विल्फ आधीच बसलेला. ढुंगणाखाली जुनी उशी.

"इथे काय करतोस?"

"दर उधाणाला बसायचो. सवय जात नाही. तो खाली, मी वर. पाणी बघायचं. तास झाला की शिट्टी."

म्हणजे ठाऊक होतं याला! मला पुळणीवर फिरवलं, नदीवर फिरवलं! "शब्द दिला होता त्याला," म्हणाला. "आणि तुला ही जागा कळू द्यायची नव्हती ना."

खाली बघितलं. एवढीशी घळ. फेस आत येत होता, जात होता. उतरले नाही. परत येताना विल्फशी बोलले नाही.

१८ ऑगस्ट
पंधरा दिवस ती शिट्टीच डोक्यात — एकटा नव्हता तर तो खाली. राखेचा डबा पिशवीत, दोन्ही काठ्या खांद्यावर. विल्फ वर थांबला. उतरण्याआधी विचारलं — आखूड काठीचा गळ का कापलास?

"क्रेगची ती. हेडली दोन्ही शेजारी उभ्या करायचा. तिला नुसतं शिसं. म्हणायचा, पोराला सोबत हवी, मासा नको."

राख सोडली. काठ्या खडकाच्या फटीत शेजारी उभ्या केल्या. लांब काठीचाही गळ मी काढून घेतला. वरून विल्फची शिट्टी होईपर्यंत बसलो आम्ही तिघं.