कान मोकळा ठेवणारे हेडफोन

वहिनी,

गाढ झोपली होतीस, म्हणून उठवलं नाही. आईला डॉक्टरांकडे नेतेय, दुपारी येऊ.

उशाशी हेडफोन ठेवलेत. कानाच्या कडेला चिमट्यासारखे लावायचे. दुकानात बरेच लावून पाहिले. काही टोचत होते, काहींचा आवाज पत्र्यासारखा. हे मऊ आहेत, गाणं गोड वाजतं, पर्सच्या कप्प्यात मावतात आणि दिसतात अगदी कानातल्यासारखे. कान मोकळा राहतो, त्यामुळे आईची हाक चुकणार नाही.

आण म्हणाली तीच. "माझं आजारपण सुरू झालं आणि हिचं गाणी ऐकणं सुटलं," म्हणत डोळे पुसत होती. तुझ्यापाशी हे बोलायची नाही ती.

संध्याकाळी तिच्याजवळ बस. एक तुझ्या कानाला लाव, दुसरा तिच्या.

तुझी नणंद