शाळेच्या हद्दीचा धोंडा

मास्तर, आठ दिवसांनी तुमची शाळा पाडणार आहेत. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली, तरी हे सांगायला दुसरं माणूस मला सुचत नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मुली वाढल्या म्हणून एक खोली बांधायची परवानगी मी नगरपालिकेकडे मागितली, तर ओव्हरसिअर मोजणीची साखळी घेऊन आला आणि होता तोच वर्ग बेकायदा ठरवून गेला. नव्या नियमानं सार्वजनिक वाटेपासून दहा फूट सोडल्याशिवाय शाळा भरवता येत नाही. आपल्या दगडी कुंपणापासून, गडग्यापासून, वर्गाच्या भिंतीपर्यंत सात भरले. गडग्याबाहेरची तीन फूट जमीनही शाळेचीच आहे, असं मी म्हणालो. "मग हद्दीचा दगड दाखवा हेडमास्तर, तिथून मोजतो," तो म्हणाला. माणूस सभ्य आहे. मी त्याला साखळी गुंडाळून दिली. दर्यावर जाणाऱ्या खारव्यांच्या मुलींना दुसरीकडे कोण घेणार, मास्तर? तुम्ही घरोघर फिरून, बापांच्या शिव्या खाऊन पहिल्या मुली आणल्या होत्यात. त्यांच्या लेकी आता माझ्यापुढे बसतात.

तो शिमगा आठवतो. मी तुमच्या चौथीत आहे. पालखी शाळेजवळच्या पाखाडीच्या अरुंद वाटेत अडकली आहे, दांडा चिऱ्यांच्या गडग्याला घासतोय आणि भोई ओरडतायत, "मास्तरानु, वाट पुरत नाय वो देवाला!" तुम्ही धोतराचा काचा मारून बाहेर येता. दुसऱ्या दिवशी आम्हां पोरांकडून सगळा गडगा दोन हात आत घेतलात, स्वतःच्या जागेत. कागद नाही, पंच नाहीत. फक्त हद्दीचा धोंडा कातळात खोदलेल्या खळग्यात होता तसाच वाटेत राहू दिलात. "वाट देवाला दिली, जमीन नाही," म्हणालात, "हा धोंडा कुणी हलवायचा नाही." हसत होतात, पण आम्हाला दरारा बसला.

पुढे मला शाळेत मास्तर म्हणून घेतलंत, पहिल्या दिवशी घालायला तुमचा काळा कोट दिलात. त्याच वर्षी पालखी माझ्या खांद्यावर होती. नाचवताना त्या धोंड्यावर असा ठेचकाळलो की पालखी कलली, अंगठ्याचं नख उखडलं आणि अख्खी वाडी हसली. "मास्तर झालास मेल्या, अजून पाय कुठं टाकायचा ते कळत नाही!" तुम्ही सगळ्यांदेखत म्हणालात. थट्टाच होती ती. मला मात्र झोंबली. दोन दिवसांनी सगळे जेवून लवंडले असताना भर दुपारी मी पहार घेऊन गेलो, धोंडा उपटला आणि खळग्यात माती भरली. विचारणाऱ्यांना तो मातीखाली बुजलाय असं सांगितलं. भोयांच्या पायांसाठी केलं, असं स्वतःला किती वर्षं सांगत आलो. खोटं आहे ते. राग होता.

तुम्ही अंथरुणाला खिळलात तेव्हा थंडी सोसेना म्हणून तुमची खाट स्वयंपाकघरात चुलीशी आणली होती. मालगुंडहून आलेली तुमची बहीण पेज भरवत होती. मी दारात दिसताच तुम्ही चमचा बाजूला सारलात. "धोंडा आहे ना रे जागेवर?" "आहे, मास्तर," मी म्हणालो. तुम्ही मान हलवलीत आणि आणखी चार घोट पेज घेतलीत. बहिणीला केवढा आनंद झाला.

ओव्हरसिअर उद्या शेवटचा येणार. खळगा मातीखाली अजून आहे आणि धोंडा त्यात नेमका बसेल, एवढं दाखवलं तर शाळा वाचते. पण हद्दीचा दगड उपटणं गुन्हा आहे, नोकरी जाईल, आणि ज्या पोरींना मी खोटं बोलल्याबद्दल उभं करतो त्यांच्यापुढे मी कोण? सगळं समजतं, मास्तर, आणि तरी मी दोन दिवस नुसता पत्र लिहितोय. तेही तुम्हाला, जे वाचणार नाहीत त्यांना.

धोंडा आमच्या विहिरीवर आहे. त्याच्यावरची हद्दीची खूण कुणाला दिसू नये म्हणून ती खाली करून मीच ठेवलाय, बायको त्यावर धुणं धुते. आज सकाळी मी तो उचलून पाहिला. तेव्हा एकट्यानं पाठीवर आणला होता, आता जागचा हलत नाही. ती म्हणाली, "थांबा, शेजारच्यांना हाक मारते." मी म्हणालो, "नको."